पाडकामापूर्वीची झडती
(लेखांक सातवा)

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू एकदा फुफ्फुसात शिरला म्हणजे दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी रोगरूपाने कसा प्रकट होतो, ते गेल्या लेखांकात पाहिले. जुनी इमारत पाडावयाची किंवा दुरुस्त करावयाची असता तो तिच्यात आहे किंवा नाही याची शहानिशा कशी करावी, हा आजचा विषय होय.

नागपूरकरांनी हे परमुलखातले संकट समजण्याचे कारण नाही. ज्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती त्याच प्रांतात, कैमोर येथे, १९३४ साली अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना निघाला. आणि दर वर्षी मृगाआधी माणसे लावून कवेलू फेरण्याला व माकडांनी केलेल्या नासधुशीला विटलेल्या वैदर्भीय घरमालकाने तो करडा नालीदार पत्रा मोठ्या समाधानाने छपरावर चढविला. आज तो गोदामावर, गोठ्यावर, शाळेच्या पडवीवर सर्वत्र दिसतो. त्यात तंतूचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असते व तो सिमेंटात घट्ट बांधलेला असतो, म्हणून अभंग पत्र्याखाली बसणाऱ्याला भय थोडे. भय आहे ते घणाचे आणि ग्राइंडरचे.

परंतु पत्रा निदान डोळ्यांना दिसतो. बाष्पनलिकांवरचे लेपण, बॉयलरचे वेष्टण, सांध्यांतील दोर व गॅस्केट, छताखालचे जुने तक्ते या जागी दडलेला अ‍ॅस्बेस्टॉस शोधावा लागतो, आणि त्यातील लेपण तर नुसत्या बोटाने चुरडले जाते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागून आलेल्या गिरण्या, रेल्वेच्या कार्यशाळा आणि जुनी वीजगृहे ही बाष्पयुगाची अपत्ये असल्यामुळे, असल्या वास्तूला हात लावण्यापूर्वी प्रत्येक नळाचे आवरण संशयित मानूनच चालले पाहिजे.

झडतीची रीत अवघड नाही. प्रथम जुने नकाशे व खरेदीचे कागद पाहून बांधकामाचे साल ठरवावे. मग खोलीमागून खोली हिंडून प्रत्येक वेगळ्या जिनसाची नोंद करावी. नमुना घेणाऱ्याने योग्य श्वसनमुखवटा लावलेला असावा, कारण तोंडावर बांधलेल्या दुपट्ट्यातून हा तंतू सहज पार होतो. जागा साबणाच्या पाण्याने ओली करून, पत्र्याच्या मुळातच तुटलेल्या कोपऱ्यातून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पकडीने हलकेच काढावा, तो दुहेरी पिशवीत बंद करून वर जागा व तारीख लिहावी, आणि उघडी पडलेली कड रंगाने किंवा चिकटपट्टीने झाकावी. प्रयोगशाळेत तो तुकडा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो: योग्य अपवर्तनांकाच्या द्रवात बुडविलेला तंतू जे रंग दाखवितो त्यांवरून पांढरा, निळा की तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस, ते कळते. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहराला खनिजाची पारख नवी नाही. तपासणीची सोय होत नसेल, तर जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे गृहीत धरून काम करावे. त्यात कोणाचेच नुकसान नाही.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांनुसार अशा शोधावाचून पाडकामास हात घालता येत नाही. आपल्याकडे खाणींचे नवे पट्टे देणे १९८६ साली थांबले, तरी आयात केलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आजही राजरोस विकला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी निदान ४० वर्षे जतन करण्याचा हुकूम दिला खरा, पण तो अ‍ॅस्बेस्टॉसचे कारखाने आणि खाणी यांच्यासाठी. रोजंदारीवर आज या चौकात तर उद्या त्या वस्तीत घण चालविणाऱ्या मजुराचे नाव कोणत्या दप्तरात सापडणार? चाळीस वर्षांनी त्याला धाप लागली, तर ती कोणत्या छपराची, हे सांगणारा कागदच उरत नाही. म्हणून महानगरपालिकेने पाडकामाच्या परवानगीसाठी झडतीचा अहवाल सक्तीचा करावा, आणि त्याची प्रत ठेकेदाराबरोबर मजुरांच्या मुकादमालाही द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्रे उतरविताना आकडे सोडवून, ओले करून, दोराने अखंड खाली घ्यावेत. वरून फेकू नयेत, आणि राहिलेला चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. पुढे ते कबाड्याला देण्याची किंवा तुकडे करून खड्ड्यात भर घालण्याची आपली सवय तर तत्काळ सोडली पाहिजे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या अनुसूचीत टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, आणि अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामायिक व्यवस्था शहरापासून फार दूर नाही, बुटीबोरीला आहे. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हा माल तेथवर न्यावा कसा आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी बसावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.