जंतांचें औषध आणि उंदराचें यकृत

तुर्भें म्हटलें कीं एका बाजूस ठाणें-बेलापूर रस्त्याचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूस घाऊक बाजारांतील भाजीच्या गाड्या डोळ्यांपुढें येतात. दाट वस्ती, अनवाणी खेळणारीं मुलें आणि न धुतां खाल्लेलीं गाजरें. जंतांना आणखी काय हवें? 2015 सालापासून देशांत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या दिवशीं शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांना आल्बेंडॅझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खावयास देतात. दोन वर्षांखालील बालकास अर्धीच. मात्र आईच्या मनांत शंका येते: जें औषध जंतांना मारतें, तें लेकराच्या यकृतास व मूत्रपिंडांस बाधणार नाहीं कशावरून?

शंका रास्त आहे. पूर्वीं तसें घडलेंहि आहे. 1921 सालीं मॉरिस हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें अंकुशकृमींवर कार्बन टेट्राक्लोराइड हें औषध सुचविलें. तें स्वस्त व गुणकारी असल्यामुळें अनेक देशांत हजारों लोकांना देण्यांत आलें. पण कांहीं रोगी, विशेषतः मद्यपी, दगावले आणि त्यांच्या यकृतांतील पेशी मेलेल्या आढळल्या. आज प्रयोगशाळेंत उंदराचें यकृत मुद्दाम बिघडवावयाचें असलें म्हणजे हेंच द्रव्य वापरतात!

नव्या औषधाची परीक्षा आतां आधीं उंदरांवर होते. 28 दिवसांच्या प्रमाण चांचणींत तीन गटांना कमीअधिक मात्रा देतात व चौथा गट औषधाविना ठेवतात. प्रत्येक गटांत निदान 5 नर व 5 माद्या. औषध बहुधा नळीनें थेट पोटांत घालतात. उंदराला ओकतां येत नाहीं, ही सोय प्रयोगकर्त्याची, उंदराची नव्हे. शेवटीं रक्त तपासतात. यकृताच्या पेशी फुटल्या कीं त्यांतील एन्झाइम रक्तांत उतरतात. मूत्रपिंडें थकलीं कीं युरिया व क्रिएटिनिन सांचतात. परंतु मूत्रपिंडांचें बरेंचसें काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसें वाढत नाहीं. म्हणून केवळ रक्तावर विसंबतां येत नाहीं; अवयवांचें वजन करून त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावेच लागतात.

आल्बेंडॅझोल जंताच्या पेशींतील सूक्ष्म नलिका बनूं देत नाहीं. मग जंताला साखर शोषतां येत नाहीं व तो उपाशी मरतो. माणसाच्या आंतड्यांतून तें थोडेंच शोषलें जातें, स्निग्ध अन्नाबरोबर अधिक. शोषलेल्या भागाचें यकृतांत रूपांतर होतें व तो मुख्यतः पित्तावाटें बाहेर पडतो. म्हणजे भार पडतो तो यकृतावर. मूत्रपिंडांच्या वांट्याला फार थोडा येतो.

एका गोळीचा भार निरोगी यकृत सहज पेलतें. कुत्र्याच्या फीतकृमीमुळें यकृतांत पाण्याची गांठ झाली, तर मात्र मोठ्या माणसास हीच गोळी दिवसांतून दोनदां, 28 दिवस देतात. तेथें कित्येक रोग्यांचे यकृताचे एन्झाइम वाढतात आणि दर दोन आठवड्यांनीं रक्त तपासावें लागतें. औषध एकच, पण दिवस निराळे. उंदरांवरील प्रयोगाची बातमी वाचतांनाहि मात्रा किती व दिवस किती, हें आधीं पाहावें. उंदराचें शरीर औषध लवकर निकालांत काढतें, म्हणून त्याला वजनाच्या मानानें अधिक मात्रा द्यावी लागते. नुसत्या आकड्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. उलट, वैद्यास न विचारतां दुकानांतून गोळ्या आणून वारंवार देण्याची जी हौस कांहीं घरांतून असते, ती मात्र बरी नव्हे.

शाळेंत आजारी मुलास त्या दिवशीं गोळी देत नाहींत. तें बरें झाल्यावर मागाहून देतात.