घोडा माणसाळला कसा?



गाय, शेळी, मेंढी माणसाने फार आधी पाळली. घोडा हजारो वर्षांनी आला. २०२१ साली शास्त्रज्ञांनी जुन्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासून दाखवले की, आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ रशियातील व्होल्गा व डॉन नद्यांकडील गवताळ प्रदेशात आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून ते तेथून दूरवर पसरले. त्याचे एक मोठे कारण, निवड! मजबूत पाठीची व शांत स्वभावाची जनावरे माणसाने पैदाशीसाठी राखली.

आपल्या भागातही घोडा जुनाच. सौंसरच्या दक्षिणेस, नागपूरजवळ माहुरझरीला, दगडी वर्तुळांखालच्या दोन हजार वर्षांहून जुन्या कबरींत माणसांबरोबर घोड्यांचे सांगाडे, तांब्याचे दागिने व लोखंडी लगाम सापडले. शेतात असे वर्तुळ दिसले तर दगड हलवू नका; तहसील कचेरीत कळवा.

आपला गवळाऊ बैलही अशाच निवडीतून चपळ झाला. म्हणून गाय फळवताना मिळेल तो वळू चालवून घेऊ नका. त्याची पाठ, पाय व स्वभाव पाहा. आज केलेली हयगय पुढच्या पिढ्यांना भोवते.