गोड्या विहिरीखालचे खारे पाणी

डहाणू तालुक्यातील वरोर हे अरबी समुद्राला लागून असलेले गाव. अशा किनारी गावांत समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीला गोडे पाणी लागते. अल्लाहची ही नेमत टिकते कशी, हे समजून घेतले तर ती जपताही येईल.

जमिनीखाली मोठे तळे किंवा वाहती नदी असते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पावसाचे पाणी वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत, मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत साठते. अखंड पाषाणात ते जवळजवळ शिरतच नाही. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी असते आणि शेजारची कोरडी निघते. हे पाणी उंचावरून सखल भागाकडे, शेवटी समुद्राकडे झिरपते. पण फार सावकाश. वाळूतही ते दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर काही मीटर सरकते.

किनाऱ्यावर गोडे पाणी हलके असल्याने जड खाऱ्या पाण्यावर तरंगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता गायबेन आणि १९०१ मध्ये जर्मन अभियंता हर्झबर्ग यांनी याचे गणित मांडले. भूजल समुद्रपातळीपेक्षा १ मीटर उंच असेल, तर त्या पातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याची दुसरी बाजू धोक्याची आहे. बेसुमार उपशाने भूजल १ मीटर खाली गेले, तर खारे पाणी हळूहळू ४० मीटरपर्यंत वर येऊ शकते. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात. अशा वेळी बोअर आणखी खोल नेणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्याच जवळ जाणे.

आपल्याच जिल्ह्यातील वसईकरांनी यावर जुना उपाय शोधला होता. वाडीतली बावखले पावसाचे पाणी धरून ठेवत आणि आसपासच्या विहिरींना पुरवत. पुढे त्यांतली कित्येक बुजवली गेली.

वाचकहो, आपल्या हाती बरेच आहे. छपराचे पाणी गाळून जमिनीत मुरवावे. मशिदीतील वजूचे पाणी गटारात न सोडता झाडांना किंवा शोषखड्ड्यात द्यावे. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दूर ठेवावा. पंप सलग न चालवता विहिरीला भरायला वेळ द्यावा. उन्हाळ्यात पाण्याची चव बदलली, तर तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वांचे सामाईक आहे. एका घराने जास्त उपसले, तर शेजाऱ्याचीही विहीर खारी होऊ शकते. शेजाऱ्याचा हक्क पाण्यातही असतो.