शुक्रतारा: गाण्यातला आणि आकाशातला

‘शुक्रतारा’ हे भावगीत ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, गळे अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. १९६२-६३च्या सुमारास ते रेडिओवरून घरोघरी पोचले. लोक त्याला निवांत प्रेमगीत म्हणतात. मला मात्र त्यात हुरहूर ऐकू येते, आणि ती त्या ताऱ्यातच आहे.

शुक्र हा खरे तर ग्रह. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत; त्यामुळे सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे तो जात नाही. मध्यरात्री डोक्यावर आलेला शुक्र कुणी पाहिलाय? संध्याकाळचा असला तर तीनएक तासांत मावळायचा, पहाटेचा असला तर उजेडात बुडायचा. आमच्या कल्याणात दुर्गाडीवरून खाडीकडे पाहावे, बघता बघता खाली उतरतो. (त्याचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्तही अडतात, ते वेगळेच!)

आता गाणे ऐका. त्यात आणाभाका नाहीत. जवळ राहा, एवढेच तो म्हणतो; तिला तर मनातले सांगायला शब्दच सापडत नाहीत. वेळ थोडा आहे, हे दोघांनाही कळलेले. चाल संथ आहे ती म्हणूनच.

गुरुजींनो, शुक्र पश्चिमेला दिसू लागला की मुलांना अंगणात आणा आणि मग हे गाणे लावा.