नागपूर ते होनोलुलू : पट्टीने मोजायचे की धाग्याने?

भंडारा, नागपूर आणि प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरचे होनोलुलू ही तिन्ही शहरे जवळजवळ एकाच, २१° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या वर्गात विचारून पाहा : नागपूर विमानतळावरून होनोलुलूला जायचे, तर सर्वांत जवळचा मार्ग कोणता? थेट विमान नाही, पण कल्पना करायला हरकत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मुले म्हणतील, ‘सरळ पूर्वेला!’

आता पृथ्वीगोल घ्या. दोन्ही ठिकाणांवर धाग्याची टोके धरा आणि धागा ताणा. तो पूर्वेऐवजी ईशान्येकडे सरकतो, भूतान, चीन, कोरियावरून चढत जपानच्या उत्तर भागात ३९° उत्तरेपर्यंत पोचतो आणि मग खाली उतरतो. तोच धागा विषुववृत्ताभोवती गुंडाळा. विषुववृत्त सुमारे ४०,००० किमी आहे. त्या प्रमाणात अंतर काढा. ते साधारण १२,२४० किमी येईल. अक्षवृत्तावरून गेलो असतो, तर सुमारे १२,७५० किमी पडले असते.

असे का होते? २१° अक्षवृत्ताचा परीघ सुमारे ३७,३०० किमी, म्हणजे ते विषुववृत्तापेक्षा लहान वर्तुळ. वर्तुळ जितके लहान, तितका त्याचा बाक अधिक आणि वळसाही मोठा. गोलावर सर्वांत कमी बाक असतो तो पृथ्वीच्या मध्याला केंद्र मानणाऱ्या वर्तुळाचा. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. ताणलेला धागा आपोआप बृहद्वृत्तावर येतो.

अंतर कळले म्हणजे वेळही कळली का? ताशी ९०० किमी वेग धरला, तर साडेतेरा तासांहून थोडे अधिक लागतील. पण हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, आणि हवा स्वतःच वाहत असते. सुमारे १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट वारे वाहतात. त्यांची पाठराखण मिळाली, तर लांबचा मार्गही लवकर संपतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाले, तरी साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर विमान पोचले. वेळ वाचला की इंधनही वाचते.

म्हणून ‘अंतर भागिले वेग’ हे गणित शिकवताना दोन प्रश्न जरूर विचारावेत : अंतर कोणत्या मार्गाने मोजले? आणि वेग कशाच्या सापेक्ष?

शेवटी मुलांसाठी एक कोडे. होनोलुलूचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे असते. नागपूरहून सोमवारी सकाळी ६ वाजता निघालेले आपले काल्पनिक विमान साडेतेरा तासांनी उतरले, तर तिथे कोणता वार आणि किती वाजलेले असतील? उत्तर काढताच मुले विचारतील, ‘निघण्याआधीच कसे पोचलो?’ तिथून रेखावृत्ते आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा शिकवायला सुरुवात करता येईल.