पहाटे गोधडी, दुपारी माठ : बदलत्या हवेतलं आपलं घर

महाशिवरात्र आली की आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, थंडी आता ‘शिव शिव’ म्हणत निघाली. पण ती लगेच कुठे जाते? पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी बारा वाजता डोक्यावरचा पदर तापतो आणि दिवेलागणीला पुन्हा अंगात काटा येतो. त्यातच एखाद्या दिवशी आभाळ भरून येतं आणि अंगणातलं सगळं उचलायला पळापळ होते.

माघी पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंतचा हा दीड महिना. ज्वारीची काढणी, हरभऱ्याचं खळं, पोरांच्या परीक्षा, लग्नाची आमंत्रणं, पापड-कुरडया आणि गटाचा मार्चअखेरचा हिशोब, हे सगळं याच दिवसांत येतं. हवा बदलली की घरात काम कुणाचं वाढतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून आज आपण ही हवा अशी का वागते आणि तिच्याप्रमाणे घरातलं काम कसं लावायचं, ते बघू.

एका दिवसात दोन ऋतू का?

आपली जमीन तव्यासारखी आहे. लवकर तापते, लवकर निवते. पावसाळ्यात वर ढगांची गोधडी असते, त्यामुळे रात्री जमिनीची ऊब धरून राहते. माघ-फाल्गुनात आभाळ उघडं आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि पहाट गार होते. मकरसंक्रांतीच्या आधीपासूनच सूर्य उत्तरेकडे सरकू लागलेला असतो. दिवस मोठा होत जातो, ऊन सरळ पडू लागतं, म्हणून दुपार तापते. आपल्या दुष्काळी पट्ट्यात या दिवसांत पहाटे १२ ते १४ अंश आणि दुपारी ३३ ते ३५ अंश असतात. म्हणजे चहाच्या वेळेपासून भाकरीच्या वेळेपर्यंत शरीराला जवळजवळ २० अंशांचा फरक सोसायचा असतो.

आणि अवकाळी? हिवाळ्यात पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, वाऱ्याचे पट्टे उत्तर भारतावर येतात. त्यांच्यामुळे वरच्या थरात गार हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा आपल्याकडे आला आणि खाली जमीन तापलेली असली, की ती दमट हवा वेगाने वर चढते. मग विजा, वादळ आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र इथे झालेली गारपीट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहे. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. तेव्हा ‘आता कुठला पाऊस’ असं म्हणून निवांत राहू नये.

सर्दी गारव्याने होत नाही, पण गारव्यात पसरते

आमच्या बैठकांत या दिवसांत पहिला विषय असतो पोरांचा खोकला. सर्दी होते ती विषाणूंमुळे. पण गार रात्री आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत सगळे झोपतो, कोरड्या हवेने नाकाचं आतलं अस्तर सुकतं, चुलीचा धूर कोंडतो. मग एकाचा खोकला चौघांना होतो.

पोराला पहाटे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला. शाळेत दुपारी एक काढता येतो. घामेजलेला कपडा अंगावर वाळू देऊ नका. झोपताना एखादी खिडकी, निदान वरचा झरोका उघडा ठेवा. खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल आणि त्यानंतर हात धुणं, एवढ्याने अर्धं घर वाचतं. लहान पोरांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

आता एक गोष्ट लिहूनच घ्या. साधा खोकला कोणता आणि न्यूमोनिया कोणता, हे आईला घरी ओळखता येतं. बाळ शांत असताना त्याचं झबलं वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूरा एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. २ महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षाचं ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो जलद श्वास आहे. श्वास घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक दवाखाना गाठा. आशाताईंना मोजून दाखवायला सांगा. एकदा पाहिलं की कुणालाही जमतं.

याच दिवसांत कांजण्या आणि गोवर डोकं वर काढतात. पुष्कळ घरांत अजून देवी आली म्हणतात, कडुलिंब बांधतात, औषध बंद करतात. कडुलिंब असू द्या, श्रद्धा असू द्या, पण पोराला स्वच्छ ठेवा, भरपूर पाणी आणि खाणं द्या, शाळेत पाठवू नका आणि ताप जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाई घरात असेल तर तिला त्या पोरापासून लांब ठेवा. गोवराची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत मिळते, तीही फुकट. कार्ड काढून बघा, राहिली असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नंबर लावा.

आणि आपलं काय?

घरातल्या सगळ्यांचा काढा आपण उकळतो, आणि आपला खोकला मात्र ‘बघू शिमग्यानंतर’ असा पुढे ढकलतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयरोग असेल तर औषधंही मोफत मिळतात, आणि पूर्ण घेतली तर तो बरा होतो. लपवला तर घरातल्या पोरांना होतो.

दुसरी गोष्ट उघड बोलायची आहे. थंडीत तहान कमी लागते, त्याच सवयीने आपण फाल्गुनातही पाणी कमी पितो. शिवाय काढणीच्या रानात आडोसा नसतो, म्हणून पुष्कळजणी सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगात कणकण, हे त्यातूनच सुरू होतं. पाणी सोडणं हा त्यावर उपाय नाही. चार काठ्या आणि जुनं लुगडं किंवा ताडपत्री लावून बांधाच्या कडेला आडोसा करायला अर्धा तास लागतो. कामावर जाणाऱ्या टोळीने हे पहिल्या दिवशीच मागून घ्यावं. ऊन वाढलं की सकाळी लवकर लागून बाराच्या आत जड काम उरकावं. डोकं जड होऊ लागलं, मळमळलं, तर सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दवाखान्यातली पुडी असेल तर अख्खी पुडी १ लिटर पाण्यातच घालायची आणि ते पाणी २४ तासांत संपवायचं. उरलं तर टाकून द्यायचं.

वाळवण : आपलं ऊन, आपला पैसा

पापड-कुरडया आता फक्त घरच्या डब्यासाठी राहिल्या नाहीत. गटाच्या कर्जाचा हप्ता त्यातून जातो. म्हणून हवा ओळखणं हा धंद्याचा भाग आहे.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो. म्हणजे आज गहू भिजवला तर ऊन हवंय ते आणखी तीन-चार दिवसांनी. भिजवण्याआधी पुढच्या पाच दिवसांचा हवामानाचा अंदाज बघा. रेडिओवर सांगतात, मोबाईलवरही मिळतो. सगळा माल एका दिवशी घालू नका. तीस किलोची मागणी असेल तर दहा-दहा किलोचे तीन घाणे करा, आभाळ आलं तर एकच घाणा धोक्यात येतो. गिऱ्हाइकाला तारीख देताना आठ दिवस हाताशी ठेवून द्या.

उडदाचा पापड कडक उन्हात टाकला की तडकतो. तो आधी सावलीत सुकवायचा आणि नंतर थोडं ऊन दाखवायचं. कुरडई-सांडग्याला मात्र सरळ ऊन लागतं. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं आत घ्या. वाळलेला माल उन्हातून उचलून गरमच डब्यात भरलात तर झाकणाखाली घाम धरतो आणि त्या ओलाव्याने बुरशी येते. म्हणून आधी निवू द्या, मग भरा.

धान्याचंही तेच. गहू-ज्वारीचा दाणा दाताखाली धरा. कट्‌ असा आवाज होऊन तुटला तर वाळला, नुसता दबला तर अजून ऊन हवं. रात्रभर निवलेलं धान्य सकाळी कोठीत भरा. कोठी भिंतीला चिकटून किंवा उघड्या जमिनीवर नको, खाली फळ्या घाला. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला उलट ओल आणतो. अवकाळीत भिजलेल्या शेंगा चांगल्या मालात मिसळू नका. काळा-हिरवा बुरा आलेले शेंगदाणे निवडून फेका. त्या बुरशीचं विष लिव्हरला बाधतं आणि भाजून-तळूनही जात नाही. ते शेळीला किंवा कोंबड्यांनाही घालू नका.

वीज चमकली तर

वीज आणि आवाज एकाच वेळी निघतात, पण उजेड लगेच दिसतो, आवाज मागून येतो. तीन सेकंदांचं अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. चमकल्यावर मोजायला लागा. तिसाच्या आत गडगडाट आला तर काम टाका आणि पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वाळत घातलेल्या पापडासाठी त्या अर्ध्या तासात अंगणात धावू नये. पापड पुन्हा लाटता येतात.

झाडाखाली थांबू नका. विजेचा खांब, तारेचं कुंपण, पाण्याचा पाट यांपासून लांब राहा. मोकळ्या रानात सापडलात तर घोळक्याने उभ्या राहू नका. पांगा, दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, कानावर हात ठेवा, जमिनीवर आडव्या होऊ नका. घरात असाल तर नळाखाली भांडी-धुणं थांबवा, चार्जिंगला लावलेला फोन हातात घेऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप काढलं आहे, जवळपास विजेचा धोका असेल तर ते सांगतं. गटात एकीच्या तरी फोनवर ते असू द्या.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन लावा आणि मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबत राहा. त्यातून माणूस वाचतो.

पिकाचं, घराचं, जनावराचं नुकसान झालं तर आवरण्याआधी फोटो काढा, तलाठ्यांना आणि कृषी सहायकांना लगेच कळवा, पंचनाम्यात आपलं नाव आलं की नाही ते स्वतः वाचा. मेलेलं जनावर पंचनामा होण्याआधी पुरू नका. शेत नवऱ्याच्या नावावर असलं तरी पंचनाम्याच्या वेळी बाईने हजर राहावं. कोठीत किती पोती होती, शेळ्या किती होत्या, हे तिलाच नेमकं ठाऊक असतं.

पुढच्या बैठकीत करायच्या चार गोष्टी

एक, हवामानाचा अंदाज रोज बघून सगळ्यांना सांगण्याचं काम एकीवर सोपवा, महिन्याने बदला. दोन, रानात गेलेल्यांचं वाळवण कोण उचलणार, त्याच्या शेजारणींच्या जोड्या ठरवा. तीन, गटाच्या पैशातून एक मोठी ताडपत्री घ्या आणि ती कुणाच्या घरी आहे हे वहीत लिहा. चार, ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं पोर आहे, तिथल्या आईला आणि आजीला श्वास मोजायला शिकवा.

होळी जळाली, थंडी पळाली, असं आपण म्हणतो. ती पळेपर्यंत गोधडी घडी करून माळ्यावर टाकू नका, आणि माठ मात्र आत्ताच धुऊन भरून ठेवा. गुढीच्या दिवशी कडुलिंबाचा कोवळा पाला तोंडात घालाल, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस धडधाकट असावं, तुम्ही स्वतःसुद्धा.

राम राम.