‘पॉलिश’ ह्या शब्दाखालील दोन क्रिया : मोटारीच्या रंगाच्या संदर्भात

मराठीत ‘पॉलिश’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु त्याच्या अर्थाची फोड करू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. बुटाला पॉलिश केले म्हणजे चामड्यावर मेण व रंगद्रव्य चढते. लाकडाला फ्रेंच पॉलिश केले म्हणजे त्यावर लाखेचे थर बसतात. उलट तांदळाला पॉलिश केले म्हणजे त्याचा कोंडा निघून जातो. फरशीला पॉलिश केले म्हणजे दगडाचा वरचा भाग झिजतो. आणि सोन्याच्या दागिन्याला पॉलिश केले म्हणजे त्याचे वजन किंचित घटते. पहिल्या दोन उदाहरणांत वस्तूवर काही चढविले जाते. उरलेल्या तिहींत वस्तूचेच काही काढून घेतले जाते. बूट की तांदूळ हे संदर्भावरून कळत असल्याने एरवी ह्या अनेकार्थतेने काही बिघडत नाही. मोटारीच्या रंगाच्या बाबतीत मात्र ह्या दोन्ही विरुद्ध क्रिया एकाच पृष्ठभागावर आणि एकाच नावाने होतात, व तेथे हा शब्द प्रत्यक्ष हानीस कारण होऊ शकतो. ते कसे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम चकाकी म्हणजे काय, ते पाहू. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो व प्रतिबिंब स्वच्छ उमटते. ओरखडे असतील तर प्रकाश विखुरतो व पृष्ठभाग मंद दिसतो. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ ह्या ग्रंथात असे प्रतिपादले की, काच घासून गुळगुळीत करणे म्हणजे मोठे ओरखडे घालवून त्यांच्या जागी डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक ओरखडे आणणे होय. पुढे बील्बीने १९२१ साली निराळी उपपत्ती मांडली : घासताना पदार्थाचा वरचा थर द्रवासारखा वाहतो व खळगे भरून काढतो. बाउडेन आणि ह्यूज यांच्या १९३७ च्या प्रयोगांनी तिला काही बळही दिले. परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून झालेल्या नंतरच्या अभ्यासाने बहुतेक प्रसंगी न्यूटनच सत्याच्या अधिक जवळ होता असे दिसून आले. रंगाच्या बाबतीतही हेच खरे. ओरखडा ‘भरून’ येत नाही. त्याच्या तळापर्यंत सभोवतालचा पृष्ठभाग खाली आणला जातो.

आता हा पृष्ठभाग किती जाड असतो ते पाहू. १९८० नंतरच्या काळात प्रचलित झालेल्या पद्धतीनुसार मोटारीच्या पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंगाचा थर व सर्वांत वर पारदर्शक थर असतो. सर्व थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांपैकी वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. समजा, ह्या थराची जाडी ४५ मायक्रॉन आहे व प्रत्येक ‘पॉलिश’मध्ये ३ मायक्रॉन झिजतात. वर्षातून एकदा हे काम केल्यास पाच वर्षांत एक तृतीयांश थर नाहीसा झाला. तो पुन्हा वाढत नाही. थर फार पातळ झाला की उन्हाने तो पांढुरका पडून त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून उपाय राहत नाही.

म्हणून काम आरंभण्यापूर्वी परीक्षा आवश्यक ठरते. पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन एका कोपऱ्यात घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही. फडके पांढरेच राहिले तर तो आहे. ओरखड्यावरून नख आडवे फिरविता ते अडकत असेल, तर तो ओरखडा घासून घालविण्याचा हट्ट धरू नये. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती मात्र बहुधा उथळ असतात. वस्तुतः हे ओरखडे सर्व दिशांना पसरलेले असतात. त्यांपैकी प्रतिबिंबाच्या दिशेस आडवे असलेलेच प्रकाश डोळ्यांकडे पाठवितात, त्यामुळे वर्तुळाचा भास होतो. मळक्या फडक्याने गाडी पुसण्याच्या सवयीतून ते निर्माण होतात.

हाताने घासावे की यंत्राने, हा प्रश्न वेगाचा व उष्णतेचा आहे. हाताची गती सेकंदास फार तर एक-दोन मीटर असते. १५० मिलिमीटर व्यासाची गादी एकाच अक्षाभोवती मिनिटास १५०० फेरे फिरली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे १२ मीटर होतो, आणि मध्याचा शून्य. अशा यंत्राने काम त्वरित होते. परंतु ते एका जागी रेंगाळले, किंवा पत्र्याच्या कडेवर व उंचवट्यावर, जेथे रंग मुळातच पातळ असतो तेथे दाबले गेले, की थर तापून जळतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात गादी स्वतःभोवती फिरत असतानाच तिचा अक्षही एका लहान वर्तुळात हलतो. त्यांपैकी ज्यांत गादीचे फिरणे मोकळे ठेवलेले असते, त्यांत दाब अधिक झाला की ती फिरेनाशी होते. म्हणून नवशिक्यास ते अधिक सुरक्षित. हाताने घासण्यात उष्णतेचे भय नाही, पण बोटांखाली दाब विषम पडतो. तेव्हा फडके सपाट ठोकळ्याभोवती गुंडाळून घ्यावे. साधन कोणतेही असो, सावलीत, गार पत्र्यावर, आणि सर्वांत सौम्य द्रव्यापासून प्रारंभ करून काम करावे हा नियम सारखाच.

येथे शब्दाची गफलत पुन्हा आडवी येते. बाजारातील कित्येक ‘पॉलिशां’त घासणाऱ्या कणांबरोबर तेल किंवा मेणही असते. ते ओरखड्यांत बसते व पृष्ठभाग तात्पुरता निर्दोष दिसतो. काही धुण्यांनंतर ओरखडे पूर्ववत प्रकट होतात. ‘पॉलिश टिकले नाही’ असे समजून मालक पुन्हा तेच करवून घेतो, आणि चढविलेले धुऊन गेले तरी झिजलेले परत येत नाही. घासल्यानंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून पाहिल्यास खरी स्थिती कळते.

आपल्या भाषेला हा भेद अपरिचित आहे काय? मुळीच नाही. ‘ओप’ ह्या शब्दाचा संबंध ज्या प्राकृत ‘ओप्पा’शी लावतात, त्याचा अर्थ रत्न शाणेवर घासून उजळणे असा होता, ‘घोटीव’ म्हणजे घासून गुळगुळीत झालेले. उलट ‘कल्हई’ हा मूळ अरबी शब्द कथील चढविण्याचाच वाचक आहे. कल्हईवाला भांडे आधी घासतो व मग कल्हई लावतो. ह्या दोन कामांना तो कधी एक नाव देत नाही. गॅरेजांतील कारागीरही ‘रबिंग’ आणि ‘वॅक्स’ हे शब्द वेगळे राखतात. भेद पुसला जातो तो गिऱ्हाइकाच्या तोंडी. ‘घोटाई’ आणि ‘लेप’ अशी जोडी रूढ झाली तर उत्तमच. न झाली तरी पॉलिश करावयास सांगण्यापूर्वी, ह्यात काही चढणार आहे की काही जाणार आहे, एवढे विचारून घ्यावे. लेप वारंवार देता येतो. घोटाईला मात्र त्या ४५ मायक्रॉनांची मर्यादा आहे.